फॉर्म (व्यायामाची नीट पद्धत) न मोडता चॅलेंजचा टाइम कसा कमी करायचा

100 पुशअपचं चॅलेंज घेतलं की बहुतेक जण सुरुवातीलाच सुसाट सुटतात. पहिले तीस एका दमात, मग कंबर लोंबकळायला लागते, छाती अर्ध्यातूनच वर येते, आणि मोजताना तोही एक धरला जातो. मी पण बरेच महिने हेच केलं, टाइम कमी होतोय म्हणून खूश होतो, शेवटी खांदा दुखायला लागला तेव्हा व्हिडिओ काढून बघितला तर शेवटचे चाळीसेक रेप (रिपिटिशन, म्हणजे मोजलेला एकेक पुशअप) अर्धेमुर्धेच होते, फार वाईट वाटलं.

आधी एक हिशोब करा. एका नीट पुशअपला 2 सेकंद धरले तर 100 चे झाले 200 सेकंद. तुमचा टाइम 10 मिनिटं येत असेल तर बाकीचे 400 सेकंद कुठे गेले? दम खाण्यात. प्रत्येक रेप अर्धा सेकंद फास्ट मारला तरी वाचणार फक्त 50 सेकंद आणि त्यात फॉर्मची वाट. म्हणजे वेळ कापायचाच तर विश्रांतीतला कापायचा.

त्यासाठी आधी ठरवा की रेप कशाला म्हणायचं. पुशअपला छातीखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, छाती टेकली आणि वर कोपर सरळ झालं तरच एक. स्क्वॉटला मांडीचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला पाहिजे, टाच उचलली जात असेल किंवा गुडघे आत वळत असतील तर थांबायची वेळ झाली. पुलअपला खाली हात पूर्ण सरळ, वर हनुवटी बारच्या वर. वर येताना जोर लावून फास्ट या, हरकत नाही, पण खाली येताना धपकन पडायचं नाही.

आता सेट, म्हणजे मधे न थांबता सलग मारलेले रेप. तुमचे सलग जास्तीत जास्त 30 होत असतील तर पहिल्या सेटपासूनच 10-10 करा आणि मधे घड्याळ लावून 20 सेकंद थांबा. अंगात जोर असताना थांबणं जड जातं, माहितीये, पण एकदा स्नायू पार गळाला की तो 20 सेकंदात काही परत येत नाही, दोन-दोन मिनिटं जमिनीकडे बघत बसावं लागतं. रेपचा स्पीड आपोआप मंदावला की तिथेच सेट संपवायचा, अजून दोन-तीन निघाले असते तरी.

मर्फ चॅलेंज करणारे हेच करतात. 2005 मध्ये अफगाणिस्तानात मारले गेलेले अमेरिकन नेव्ही सील (नौदलाचे कमांडो) लेफ्टनंट मायकल मर्फी यांच्या नावाचं हे वर्कआउट, आधी 1 मैल पळणं, मग 100 पुलअप, 200 पुशअप, 300 स्क्वॉट आणि परत 1 मैल. बरेच जण मधला भाग 5-10-15 असे 20 राउंड करून संपवतात, म्हणजे एक स्नायू काम करतो तेव्हा दुसऱ्याला आराम. त्यातही पुशअपच आधी दगा देतात, म्हणून 5 पुलअप, 5 पुशअप, 15 स्क्वॉट, परत 5 पुशअप अशी फोड मला जास्त पटते.

प्रॅक्टिसला दर मिनिटाच्या सुरुवातीला 10 पुशअप, उरलेला वेळ आराम, असे 10 मिनिटं. शेवटचे 10 पण पहिल्यांसारखेच दिसले की पुढच्या वेळी दर 50 सेकंदांनी सुरू करा, तेच 100 आता साडेआठ मिनिटांच्या आत बसतात. फॉर्म बिघडला तर परत मिनिटावर या, लाज कसली त्यात.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. सवय नसताना शेकडो रेप मारले आणि नंतर स्नायू खूप सुजले, प्रचंड दुखायला लागले किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच डॉक्टरकडे जा. स्नायू तुटून किडनीवर ताण येत असल्याचं ते लक्षण असू शकतं, उद्या बघू म्हणायचं नाही.

आणि व्हिडिओ काढताना फोन बाजूने लावा, समोरून नको, समोरून लोंबलेली कंबर दिसतच नाही.