65 च्या आत नौकेवरचं काम सुटलं, तर निराधार अनुदान कसं मिळवावं

हर्णैच्या जेटीवर पंचावन्नचा खलाशी "आता जाळं ओढवत नाही" म्हणाला की कोणीतरी सांगतंच, "निराधारचा फॉर्म भर, पैसे सुरू होतील." होत नाहीत. म्हाताऱ्यांची श्रावणबाळ पेन्शन 65 नंतर. त्याआधी संजय गांधी निराधार योजना आहे, पण नुसता थकलेला पुरुष तिच्यात बसत नाही. दिव्यांगत्व हवं, नाहीतर पक्षाघात, कर्करोग, क्षय असा कमावू न देणारा आजार.

आधी मुंबईत नोकरी करून दहा वर्षं पीएफ कापला गेला असेल तर 50 नंतर लवकर पेन्शन घेता येते. पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्यांदा 4 टक्के कपात, तीही कायमची. दोनच वर्षं उरली असतील तर मी थांबायला सांगतो.

निराधारच्या अर्जाला आधार, रेशनकार्ड लागतं; 15 वर्षांच्या रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला सेतूत होतो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000, दिव्यांगांना 50,000.

अडतं ते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापाशी. शेजारच्या काकांचा उजवा हात जाळं ओढणाऱ्या विंचच्या दोरात गेला होता. मी खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज दिला. चार महिन्यांनी परत आला. चिठ्ठी चालत नाही. यूडीआयडी या दिव्यांगांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, मग सरकारी तपासणीत किमान 40 टक्के दिव्यांगत्व ठरावं लागतं. हाडांच्या, डोळ्यांच्या, कानांच्या तपासणीचे वार वेगळे असू शकतात. विचारल्याशिवाय पहाटेची एसटी पकडू नका.

दुसऱ्या खेपेला काकांनीच घात केला. डॉक्टरांनी विचारलं, "हात चालतो?" काका म्हणाले, "चालतो की!" आणि दात-ओठ खाऊन मूठ वळून दाखवली. आयुष्यभर तांडेलासमोर, म्हणजे नौकेच्या प्रमुखासमोर, दुखणं लपवलेली ही माणसं, तपासणीतही तेच करतात. नाटक करायचं नाही, पण मर्दुमकीही नको. शर्टाचं बटण लागत नाही, दोरीला गाठ मारता येत नाही, हे स्पष्ट सांगायचं. मी आता आदल्या रात्री घरी जाऊन हे बजावतो, बायकोसमोर, कारण तीच खरं सांगते.

प्रमाणपत्रावर मुदत घातली असेल तर तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आधारवर दत्ताराम आणि प्रमाणपत्रावर दत्ता, असं नको.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. पोच घेतल्याशिवाय उठू नका. खातं आधारशी जोडलेलंच हवं. महिन्याला 1,500, दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500. हयातीचा दाखला दरवर्षी.