ब्रिटनचे राजकारण वाचावे कसे? खानदेशातील अभ्यासकांसाठी एक पद्धत

२०१६ ते २०२४ या आठ वर्षांत ब्रिटनच्या पंतप्रधानपदावर सहा व्यक्ती येऊन गेल्या: डेव्हिड कॅमेरॉन, थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि किअर स्टार्मर. यांपैकी मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक हे चौघे त्या पदावर प्रथम आले तेव्हा सार्वत्रिक निवडणूक झालेली नव्हती. धुळ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींबरोबर मी दर शनिवारी वृत्तपत्रवाचनाचा वर्ग घेतो, आणि तेथे हा प्रश्न हमखास येतो: "सर, लोकांनी निवडून दिलेला पंतप्रधान मध्येच जातो कसा?" उत्तर देण्याऐवजी मी वहीत तीन रकाने आखायला सांगतो. पहिला सभागृहातील संख्येचा, दुसरा पक्षाच्या नियमांचा आणि तिसरा सरकारला कर्ज कोणत्या दराने मिळते याचा. लंडनहून येणारी बातमी यांपैकी कोणत्या रकान्यात बसते हे ठरवता आले, की पुढे काय होऊ शकेल याचा अंदाज भाषणे ऐकून बांधलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक भरवशाचा ठरतो.

पहिल्या रकान्यात मतांची टक्केवारी आणि जागा नेहमी शेजारी शेजारी लिहाव्यात. हाउस ऑफ कॉमन्स या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ६५० जागा आहेत आणि आपल्याप्रमाणेच प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी पद्धत आहे. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या; रिफॉर्म यूके या पक्षाला १४ टक्के मते मिळूनही पाचच जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट्सनी १२ टक्के मतांवर ७२ जागा जिंकल्या. हे कोडे आपल्या भागाचे उदाहरण घेतले की सुटते. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चारही लोकसभा मतदारसंघांत एखाद्या पक्षाला २०-२० टक्के मते मिळाली, तर बहुधा त्याची एकही जागा येणार नाही. तेवढीच मते एकट्या नंदुरबारमध्ये एकवटली, तर एक जागा निश्चित येईल. याच पद्धतीने १८९२ साली दादाभाई नौरोजी लिबरल पक्षाचे उमेदवार म्हणून लंडनमधील फिन्सबरी सेंट्रलमधून निवडून आले होते, आणि त्यांची आघाडी एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकीच होती.

मात्र मोठे बहुमत म्हणजे सुरक्षित पंतप्रधान, ही समजूत येथेच सोडून द्यावी. आपली नजर पक्षांतरबंदी कायद्याला सरावलेली आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्याकडे पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. तेथे पक्षाविरुद्ध मतदान करणाऱ्या खासदाराला पक्ष निलंबित करू शकतो, पण त्याची खासदारकी शाबूत राहते. म्हणूनच ४०० हून अधिक खासदार पाठीशी असताना स्टार्मर सरकारला जून-जुलै २०२५ मध्ये अपंगत्व भत्त्यातील कपातीवरून माघार घ्यावी लागली: मजूर पक्षाच्या १०० हून अधिक खासदारांनी विरोधाच्या दुरुस्तीवर सह्या केल्या, मुख्य कपात मागे घेतल्यावरही ४९ जणांनी विरोधात मत दिले, आणि त्या सर्वांची खासदारकी कायम राहिली. माझ्या मते भारतीय वाचकाची सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते. तेथील मागच्या बाकांवरचा, म्हणजे मंत्रिपद नसलेला, खासदार हा केवळ हात वर करणारा सदस्य नाही. त्यामुळे विधेयक मंजूर झाले एवढेच न टिपता सत्ताधारी पक्षातील किती जण विरोधात गेले, तो आकडा टिपावा.

दुसऱ्या रकान्यात नेता निवडण्याचे आणि हटवण्याचे नियम लिहावेत. जॉन्सन यांच्या वेळी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी '१९२२ समिती' या मागच्या बाकांवरील हुजूर खासदारांच्या समितीच्या अध्यक्षांकडे पत्रे दिली की अविश्वासाचे मतदान घ्यावे लागे. जून २०२२ मध्ये जॉन्सन यांनी ते मतदान २११ विरुद्ध १४८ असे जिंकले, परंतु महिनाभरात मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावल्यावर त्यांना पायउतार व्हावेच लागले. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांनाही पहिल्या फेरीत प्रतिस्पर्ध्याच्या १५२ मतांपुढे २०४ मते होती. तरीही नियमानुसार आवश्यक आघाडीला चार मते कमी पडली आणि दोनच दिवसांत त्यांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. मजूर पक्षात आव्हान देणाऱ्याला आधी २० टक्के खासदारांचे नामांकन मिळवावे लागते, म्हणून तेथे कुजबुज पुष्कळ होते आणि प्रत्यक्ष आव्हान क्वचितच उभे राहते.

खासदारांची मते आणि पक्षसदस्यांची मते वेगवेगळी लिहावीत, हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या उन्हाळ्यात हुजूर खासदारांच्या, तीन उमेदवारांमधील शेवटच्या फेरीत सुनक यांना १३७ आणि ट्रस यांना ११३ मते होती. देशभरातील सदस्यांनी मात्र ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मते दिली. म्हणजे ट्रस पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांच्या मागे बसलेल्या तीन खासदारांपैकी दोघांची पहिली पसंती त्या नव्हत्या. पुढे जे घडले त्याचे अर्धे कारण या दोन आकड्यांतच आहे.

उरलेले अर्धे कारण तिसऱ्या रकान्यात आहे, आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. सरकार कर्ज घेण्यासाठी रोखे विकते. ब्रिटनमध्ये त्यांना गिल्ट म्हणतात. १०० पौंडांचा रोखा वर्षाला ४ पौंड देत असेल आणि बाजारात त्याची किंमत ८० पौंडांवर उतरली, तर नव्या खरेदीदाराला परतावा ५ टक्के पडतो. किंमत उतरली की परतावा चढतो, आणि परतावा चढला की सरकारचे पुढचे कर्ज महाग होते. एवढे गणित पाठ असल्याशिवाय २३ सप्टेंबर २०२२ ची घटना समजणार नाही. त्या दिवशी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कोठून येणार हे सांगितले नाही, आणि २०१० मध्ये स्थापन झालेल्या 'ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी' या स्वतंत्र संस्थेचा अंदाजही प्रसिद्ध केला नाही. २६ सप्टेंबरला पौंड सुमारे १.०३ डॉलर या नीचांकापर्यंत घसरला आणि पुढच्या दोन दिवसांत ३० वर्षांच्या रोख्यांवरील परतावा ५ टक्क्यांच्या वर गेला.

यानंतर निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले. जळगावच्या सराफ बाजाराच्या परिसरात वाढलेल्या माणसाला ही अडचण सोनेतारणावरून लगेच उमगते: सोन्याचा भाव पडला की सावकार आणखी सोने ठेवायला सांगतो. या निधींनी रोखे तारण ठेवून व्यवहार केले होते. किमती पडताच त्यांच्याकडे अधिक तारण मागितले गेले, ते उभे करण्यासाठी त्यांनी रोखेच विकायला काढले आणि किमती आणखी पडल्या. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला खरेदीसाठी उतरावे लागले. ६५ अब्ज पौंडांपर्यंतची तयारी जाहीर झाली, प्रत्यक्ष खरेदी सुमारे १९ अब्जांची झाली. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, १७ ऑक्टोबरला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी बहुतेक करकपात रद्द केली आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. ज्या खासदारांची त्यांना मुळात पसंती नव्हती, त्यांना आता घरकर्जाचा वाढता हप्ता भरणाऱ्या मतदारांसमोर उभे राहायचे होते.

अर्थसंकल्प वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, जाहीरनाम्यातील वचनाचे नेमके शब्द. २०२४ मध्ये मजूर पक्षाने श्रमिकांवरील प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा (पगारावर आकारली जाणारी वर्गणी) आणि मूल्यवर्धित कर वाढवणार नाही असे म्हटले होते. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा मालकांकडून घेतला जाणारा हिस्सा १३.८ वरून १५ टक्के केला. वचन मोडले की पाळले, हा वाद त्या एका शब्दयोजनेवर उभा आहे. दुसरी, गोठवलेल्या मर्यादा. प्राप्तिकरातून मुक्त असलेले १२,५७० पौंडांचे उत्पन्न २०२१ पासून तेवढेच ठेवले आहे. पगार वाढत जातो तसा दर न वाढवताही कर वाढत जातो, आणि अशी वाढ मथळ्यात क्वचितच येते. तिसरी, अंमलबजावणीची तारीख. तेथील प्राप्तिकराचे वर्ष ६ एप्रिलला सुरू होते.

पंतप्रधानांचा प्रश्नोत्तराचा तास अधिवेशनकाळात दर बुधवारी दुपारी १२ वाजता असतो. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार वाजलेले असतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी मात्र भाषण संपल्यावर लगेच मत बनवू नये. रात्री रोख्यांचा परतावा आणि पौंडाचा भाव वहीत लिहावा, सकाळी पुन्हा लिहावा, आणि मग वृत्तपत्रातील विश्लेषण उघडावे.

ज्यांच्या घरातील मूल तेथे शिकायला जाणार आहे, त्यांच्यासाठी पौंडाचा रकाना हाच शुल्काचा रकाना आहे. कापूस उत्पादकांनी २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या बातम्यांकडे लक्ष ठेवावे, पण अपेक्षा मोजून ठेवाव्यात. त्यातील शुल्कमाफीचा वस्त्रोद्योगाला होणारा लाभ प्रथम तयार कपडे निर्यात करणाऱ्यांच्या हाती पडेल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशातील कापसाचा भाव थेट त्या गिरण्यांच्या मागणीने चढला होता. आज रुईची गाठ आणि लंडनच्या दुकानातील सदरा यांच्यामध्ये सूतगिरणी, विणकाम आणि शिलाई एवढे टप्पे आहेत, आणि यांपैकी कोणता टप्पा खानदेशात उभा राहतो यावर आपल्या शेतकऱ्याचा वाटा ठरणार आहे.