तुमचा बंब खरंच किती लाकूड खातो, घरच्या घरी मोजा

नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे गावठाणातल्या जुन्या घरांत आणि शहापूर-मुरबाडकडे तर सर्रास अजून बंब पेटतो, आणि ज्याला विचाराल तो सांगतो की आमचा बंब दोन लाकडांत पाणी कडक करतो. पण दोन लाकडं म्हणजे किती किलो आणि कडक म्हणजे किती डिग्री हे कोणी मोजतच नाही. लाकूड आता फुकट मिळत नाही आणि धूर घरातल्याच बाईमाणसांच्या छातीत जातो, त्यामुळे एकदा तरी हे नीट मोजाच असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

सामान कमी लागतं. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा, किचनमधला ग्रॅमचा काटा, प्रोबवाला थर्मामीटर (ताप बघायचा चालणार नाही, तो ४२-४३ च्या पुढे जातच नाही) आणि लिटरच्या खुणा केलेली बादली, बस.

आता मुद्द्याचं. बंब तापला की झाकण काढून वरच्या पाण्यात थर्मामीटर घालू नका. गरम पाणी वर चढतं, गार खाली राहतं, म्हणजे वर ६५ दिसले तरी तळाशी बरंच कमी असतं. मोजायचं ते बादलीत आलेलं पाणी, तेही सकाळची सगळ्यांची आंघोळ होईपर्यंत, कारण आपल्याला बंबातली उष्णता नकोय, अंगावर येणारी हवीय. तोटीतून बादली भरली की विसण घालायच्या आधी ढवळायचं, लिटर आणि डिग्री लिहायचे आणि नळाच्या गार पाण्याचं तापमानही टिपून ठेवायचं. बाकी काही बदलायचं नाही, रोज जसं पेटवता तसंच पेटवा.

समजा गार पाणी २७ डिग्री आहे. पहिली बादली १५ लिटर ६५ ची, दुसरी १५ लिटर ५८ ची, तिसरी १० लिटर ४८ ची. प्रत्येकीत किती डिग्री वाढली ते काढून लिटरने गुणा: ५७० अधिक ४६५ अधिक २१०, म्हणजे १२४५. एक लिटर पाणी एक डिग्री तापवायला एक किलोकॅलरी लागते म्हणून हे १२४५ किलोकॅलरी झाले, ४.१९ ने गुणून हजाराने भागलं की साधारण ५.२ मेगाज्यूल (हेही उष्णतेचंच माप).

लाकडाची बाजू जरा किचकट आहे आणि लोक इथेच चुकतात. कोरडं ठणठणीत लाकूड किलोला साधारण १८.५ मेगाज्यूल देतं, बाभूळ असो की आंबा, किलोमागे फार फरक पडत नाही, खरा फरक ओलीचा. त्यातलं पाणी जळत नाही, उलट त्याची वाफ करायला उष्णता खर्च होते. म्हणून चार-पाच ढलप्या काढून वजन करा, ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १०५ डिग्रीवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा, आणि घटलेलं वजन भागिले आधीचं वजन म्हणजे ओल. २० टक्के ओल असेल तर किलोला १४.३ मेगाज्यूल धरा, ४० टक्के असेल तर जेमतेम १०. सुताराकडचं ओल मोजायचं यंत्र वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ते कोरड्या वजनावर टक्के दाखवतं, तिथे २५ दिसले की आपल्या हिशोबात २० होतात.

वापरलेलं लाकूड समजा २ किलो, २० टक्के ओलीचं, म्हणजे २८.६ मेगाज्यूल. आंघोळी झाल्यावर निखारे पत्र्याच्या डब्यात झाकण लावून विझवा, पाणी मारू नका नाहीतर वजन चुकेल, आणि थंड झाल्यावर राख झटकून कोळसा तोला. हा कोळसा जळलाच नाही, म्हणून १०० ग्रॅम निघाला तर किलोला २९ मेगाज्यूलच्या हिशोबाने २.९ वजा. उरले २५.७. आता ५.२ भागिले २५.७, म्हणजे लाकडातली २० टक्के उष्णता आंघोळीच्या पाण्यात आली. वरच्या थराचे ६५ डिग्री धरून सगळे ४० लिटर गुणले असते तर जवळपास २५ आले असते, पाच टक्के फुकटचे.

एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवडाभर मोजा आणि सरासरी घ्या, एखाद्या दिवशी पाहुणे येतात, एखाद्या दिवशी लाकूड नीट पेटत नाही. मग एकेक गोष्ट बदलून बघा: मधल्या नळीची काजळी खरवडा, लाकूड बारीक फोडा, ज्वाळा बसून निखारे झाले की हवा आत जायचं खालचं तोंड थोडं आवळा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पावसाळ्याचा आकडा वेगळा लिहा, कारण आपल्याकडे जुलैत पडवीत रचलेलं लाकूडही दमट होतं.

आणि हे सगळं उघड्या पडवीत किंवा अंगणातच करा. खालचं तोंड आवळलं की कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू वाढतो, त्याला वास नसतो, त्यामुळे बंद मोरीत बंब नको म्हणजे नकोच.