हादरा बसला म्हणून लगेच बोअर मारू नका

डिसेंबर-जानेवारी म्हणजे संत्र्याच्या आंबिया बहाराच्या ताणाचे दिवस, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी बंद ठेवायचे. बाग तहानलेली आणि शेतकऱ्याचे डोळे विहिरीच्या तळाकडे. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी तेलंगणातल्या मुलुगू भागात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तो नागपूरपर्यंत जाणवला. त्यानंतर काटोलकडच्या एका बागायतदाराने विचारलं, "भाऊ, पाणी खाली गेलं, बोअर मारू का?" मी विचारलं, आधी किती फुटांवर होतं? आकडा नव्हता. बहुतेकांकडे नसतोच, खरी अडचण तीच आहे.

काटोल, नरखेड, कळमेश्वरचा खडक म्हणजे काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात साठतं. जोराचा हादरा बसला की भेगांत अडकलेली माती सुटते, बुजलेल्या वाटा मोकळ्या होतात आणि पाणी उताराकडे सरकतं. म्हणून कधी चढावरच्या विहिरीची पातळी उतरते, तर नाल्याकाठी झरे वाढतात. कधी पाणी नुसतं हलून पूर्ववत होतं. १९६४ च्या अलास्का भूकंपात हजारो किलोमीटर दूरच्या विहिरींत असे चढउतार नोंदले गेले. मुलुगूसारख्या दूरच्या, मध्यम भूकंपाने आपल्याकडे कायमचा फरक पडण्याची शक्यता मात्र कमीच.

आजच कठड्यावर रंगाची खूण करा. दोराला दगड बांधा, दर फुटावर गाठ मारा. सकाळी मोटर लावण्याआधी खुणेपासून पाणी मोजा आणि वहीत लिहा. हप्त्यातून एकदा पुरे, हादरा बसला तर पंधरा दिवस रोज. या दिवसांत उपशाने पातळी तशीही उतरते. नेहमीची उतरण माहीत असली तरच वेगळी घसरण ओळखू येते.

पाणी गढूळ आलं तर ड्रिपला सोडू नका, फिल्टर आणि ड्रिपर चोंदतील. बाटलीत रात्रभर ठेवून गाळ किती बसतो ते बघा. बोअरमधून रेती येत असेल तर मोटर थांबवा, केसिंग म्हणजे बोअरमधला पाइप तपासून घ्या. जुन्या विहिरीच्या बांधकामाला तडे गेलेत का, हे पाहिल्याशिवाय गाळ काढायला कुणालाही आत उतरवू नका. जीव त्या पाण्याहून मोठा आहे.

पाणी वाढलं तरी ताण आधी तोडू नका, गव्हाचं वावरही वाढवू नका. ही वाढ टिकेलच असं नाही. पंधरा दिवसांत पातळी सावरली नाही, तर वही घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा, जवळच्या निरीक्षण विहिरीच्या आकड्यांशी ताडून बघा. बोअरवाल्याला फोन त्यानंतर.