विदर्भातून अजिंठा-वेरूळ: दोन दिवसांची आखणी

आधी वार पाहा, मग तारीख ठरवा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. भाड्याची गाडी करून गेलेले लोक फाट्यावरून परत फिरतात ते बहुतेक याच कारणानं. गुरुवार-शुक्रवार सगळ्यात बरा, शनिवार-रविवारी गर्दी धरून चाला. दोन्ही एकाच दिवशी उरकायचा हट्ट मात्र सोडा. मधे शंभरेक किलोमीटर अंतर आहे.

पोळा झाला की सोयाबीन सोंगणीला येईपर्यंत शेतीला थोडी उसंत असते. तेव्हा अजिंठ्याच्या लेण्यांखालची वाघूर नदी वाहती असते आणि डोंगर हिरवागार. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. मे महिन्यात म्हातारी माणसं नेऊच नका.

नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, मलकापूर सगळं एकाच लाइनीवर. रात्रीची रेल्वे धरून पहाटे जळगावला उतरा आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एसटी पकडा. तिकीट फर्दापूर फाट्याचं काढा, अजिंठा गावाचं नव्हे. ते गाव घाट चढून पुढं आहे, लेण्या अलीकडेच. खाजगी गाडीही फाट्यावरच लावावी लागते. तिथून चार किलोमीटर वेगळी बस नेते, तिचं तिकीट वेगळं. वयाच्या सवलतीसाठी एसटीत आधार कार्ड दाखवावं लागतं, ते वरच्या खिशात ठेवा.

अजिंठ्यात नऊ वाजता दार उघडताच चित्रांची लेणी घ्या: १, २, मग १६, १७. यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून उशीर केला की रांग लागते. आत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. काहीच दिसत नाही म्हणून लोक लगेच बाहेर पडतात, आणि चुकतात ते इथंच. पाच मिनिटं उभे राहा, डोळे सरावले की रंग वर येतात. १ नंबरमध्ये गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे, हातात निळं कमळ धरलेलं. भिंतीला बोट लावू नका, फ्लॅश बंद ठेवा. मातीत गवत-भुसा कालवून केलेला तो गिलावा आहे, ओल धरली की सुटतो. मग १० आणि शेवटी २६, तिथं निजलेला बुद्ध सुमारे सात मीटर लांब आहे. २६ सोडून परत फिरणारे पुष्कळ. दमलात तरी सोडू नका.

चपला वारंवार काढाव्या लागतात, लेसचे बूट नकोत. दगड तापतो म्हणून मोजे ठेवा. दशम्या आणि ठेचा पिशवीत बंद राहू द्या, वानरं हातातून ओढून नेतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पायथ्याशी डोली मिळते, भाव मात्र आधी ठरवा.

संध्याकाळच्या एसटीनं छत्रपती संभाजीनगर गाठून मुक्काम करा. वेरूळ तिथून तीसेक किलोमीटर. एकूण ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, २९ पर्यंत हिंदू, पुढची जैन. सकाळीच १६ नंबरचं कैलास पाहा. ते वरून खाली कोरत आणलंय, म्हणून आतून पाहून झालं की बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढा. वरून पाहिल्याशिवाय किती खडक काढला ते कळत नाही. ३२ नंबर जरा लांब आहे, तिकडं गाडीनं जा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला असल्यानं १० आणि १२ दुपारनंतर उजळतात, ती शेवटी ठेवा.

घृष्णेश्वर जवळच आहे. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सदरा काढावा लागतो. श्रावणी सोमवारी तिकडं पाय ठेवायला जागा नसते.

वाशिम-मेहकरकडच्यांनी परतताना जळगाव गाठू नये. जालना-सिंदखेडराजा रस्ता सरळ पडतो.