पडीक प्लॉटवर भाजी लावताय? आधी रोटाव्हेटरला थांबवा

पुण्यात धायरीतल्या आमच्या साडेतीन गुंठ्यांच्या प्लॉटकडे बारा-तेरा वर्षं कुणी फिरकलं नव्हतं. भावकीत एकदाचं ठरलं, वाटणी होईपर्यंत निदान भाजी तरी करू. मी उत्साहाने पहिल्या पावसानंतर रोटाव्हेटर फिरवला. दोन तासांत जमीन भुसभुशीत. फोटो घरच्या ग्रुपवर. गणपतीत जाऊन बघतो तर भेंडी शोधावी लागत होती आणि हरळी गालिच्यासारखी पसरलेली. काकांनी तिची एक काश, म्हणजे जमिनीखाली पसरणारं खोड, ओढून काढली. हातभर लांब, प्रत्येक पेराला मुळं. म्हणाले, "अरे, तू तण काढलं नाहीस, तणाची लावण केलीस."

चूक नेमकी हीच. रोटाव्हेटर हरळीच्या काशांचे तुकडे करतो आणि ओल मिळाली की पेर असलेला तुकडा फुटतो. त्यामुळे हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं. कुदळीने आठ-नऊ इंच खणायचं, ढेकळं उलटी करून उन्हात तापू द्यायची, मग काशा हाताने वेचून गोणीत भरायच्या. त्या खताच्या खड्ड्यात टाकू नका. पत्र्यावर कडकडीत वाळवा, मग हवं तर आच्छादनाला वापरा. पहिल्या उन्हाळ्यात एका गुंठ्याच्या पुढे जाऊ नका, कंबर धरते.

लव्हाळा हे गाठींवर वाढणारं तण याहून चिवट. वरून उपटला की पात हातात येते, गाठी खालीच राहतात. त्या वेचून संपत नाहीत, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पुन्हा खुरपून त्यांची ताकद संपवायची. उरलेल्या जागेत पावसाळ्यात दाट ताग पेरा, गुंठ्याला अर्धा किलोच्या आसपास. लव्हाळ्याला सावली अजिबात मानवत नाही. फुलं येण्याआधी, साधारण दीड महिन्यात, ताग जमिनीत गाडला की खताचंही काम होतं.

गाजर गवताची देशातली सुरुवातीची नोंद 1950 च्या दशकात पुण्यातूनच झाली, म्हणजे पाहुणा आपलाच. फुलं दिसण्याआधी उपटा. एकेका झाडाला हजारो बी येतं. उघड्या हातांनी मात्र नको, अंगावर पुरळ उठतं, शिंका येतात. वाळलं की काडी लावायचा मोहही आवरा. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि आगीने हरळीच्या काशांना काही होत नाही.

आता पुण्याचा खास प्रश्न, राडारोडा. मोकळा प्लॉट दिसला की रात्रीत ट्रक रिकामा होतो. वरून माती दिसते, पण पहार मारली की 'खण्ण' आवाज येतो. आमच्या एका कोपऱ्यात फूटभर खाली फरशीचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे निघाले. तिथल्या मिरचीची कोवळी पानं पिवळी पडत होती, शिरा मात्र हिरव्या. मी युरिया टाकला, काडीचाही फरक पडला नाही. ही खूण लोह न मिळाल्याची असते. पुण्याची काळी माती मुळातच चुनखडीची, त्यात सिमेंट मिसळलं की जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मातीवर लिंबू पिळून बघा, फेस आला तर चुना आहे. उपाय म्हणजे राडारोडा उपसणं आणि भरपूर कुजलेलं खत. जमल्यास माती परीक्षण करून घ्या.

खत कुजलेलंच हवं. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते. हिरवंगार रोप एकाएकी मान टाकतं, ओढलं तर अलगद हातात येतं आणि मुळाशी पांढरी, वाकडी अळी सापडते.

काळी माती चिकट असताना खणू नका, ढेकळं विटेसारखी वाळतात. मूठ वळून बघा. गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे खणण्याजोगी ओल आहे.

आणि गवतात हात घालण्याआधी काठी आपटा, पायात गमबूट हवेतच. अशा गवतात घोणस असू शकते आणि ती पटकन बाजूला होत नाही.

यंदा आमचा एकच गुंठा लावलाय, दोडका, गवार आणि भोपळा. अडीच गुंठ्यांत ताग आहे. काका अजूनही येताना रिकामी गोणी घेऊन येतात.