टोकियोतला जुना फ्लॅट भाड्याने देण्यासाठी विकत घेताना या चुका टाळा

टोकियोच्या एदोगावा प्रभागातल्या निशिकासाई परिसरात पाच-सहा वर्षे स्थिरावलेल्या आपल्या भारतीय लोकांना एखादा जुना, एका खोलीचा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावासा वाटतो आणि बहुतेकांची पहिली चूक एकच असते: जाहिरातीतला परताव्याचा ठळक आकडा पाहून ते सौदा ठरवतात. हा आकडा वर्षाच्या भाड्याला किमतीने भागून काढलेला असतो. मालकाने दरमहा भरायचे व्यवस्थापन शुल्क आणि दुरुस्ती निधी त्यात धरलेलेच नसतात.

हे शहाणपण मला पैसे मोजून आले आहे. मी 75 लाख येनांना घेतलेल्या फ्लॅटचे भाडे 62,000 येन होते, म्हणजे कागदावर जवळपास दहा टक्के. दुरुस्ती निधीचा, म्हणजे 'शूझेन त्सुमितातेकिन'चा हप्ता अवघा 3,200 येन आहे याचा तर मला आनंदच झाला होता. जुन्या इमारतीचा हप्ता नव्या इमारतीइतका कमी असेल, तर तिची तिजोरी रिकामी असण्याचा संभव असतो, हे दलालाने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वर्षभरातच फ्लॅटमालकांच्या सभेने हप्ता 11,800 येन केला आणि गंजलेल्या जलवाहिन्या बदलण्यासाठी माझ्या वाट्याला एकरकमी 4,20,000 येन आले. सर्व खर्च वजा जाता महिन्याला जेमतेम 38,000 येन उरत होते. म्हणजे अकरा महिन्यांची कमाई त्या नळांत वाहून गेली.

तेव्हापासून खोली पाहण्याआधी मी तीन वर्षांची सभेची इतिवृत्ते, दीर्घकालीन दुरुस्ती आराखडा आणि थकबाकीचा तपशील मागतो. आधीच्या मालकाने थकवलेला निधी कायद्याने नव्या मालकाकडूनही वसूल करता येतो, त्यामुळे 'नंतर पाहू' म्हणणाऱ्यांची मला कीव येते. कागद मिळाले, की मी सायकलतळ आणि सूचनाफलक पाहून येतो. हवा गेलेल्या, धूळ खाणाऱ्या सायकलींची रांग व्यवस्थापनाबद्दल दलालापेक्षा खरे बोलते.

दुसरी चूक 1981 या सालाची. नवा भूकंपरोधक निकष 1 जून 1981 पासून लागू झाला. मात्र तो बांधकाम मंजुरीच्या तारखेवरून ठरतो, इमारत पूर्ण झाल्याच्या वर्षावरून नव्हे. 1982 किंवा 1983 मध्ये पूर्ण झालेली इमारतही जुन्या निकषाची असू शकते आणि अशा घरासाठी कर्ज देताना बँका हात आखडता घेतात.

पूरनकाशा न पाहता एदोगावात घर घेऊ नये, कारण त्या भागातली बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. पर्यटकांना रोजच्या भाड्याने देण्याचा बेत असल्यास आधी इमारतीची नियमावली वाचावी. बहुतेक ठिकाणी त्याला मनाईच असते. पुढे पुण्याला परतायचे असेल, तर करविषयक प्रतिनिधी, म्हणजे आपल्या वतीने विवरणपत्र भरणारी व्यक्ती, जाण्यापूर्वीच नेमावा, कारण मालक अनिवासी झाल्यावर भाडेकरू कंपनी असल्यास तिला भाड्यातून 20.42 टक्के कर कापून भरावा लागतो आणि जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही.